जमिनीखालचा मुद्देमाल आणि भंगाराचा काटा

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' हा चित्रपट पडद्यावर आला आणि मार्च उजाडतो न उजाडतो तोच मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडच्या आसपासच्या शेतांत, रात्री बॅटऱ्या चमकू लागल्या. महामार्गाच्या कामात उकरलेली माती एका शेतात आणून टाकली होती. त्या मातीत मोगली सोन्याची नाणी निघाली, अशी आवई उठली. १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले, हे लोकांनी नुकतेच पडद्यावर पाहिले होते. झाले! कुदळी, फावडी, चाळण्या घेऊन गावेच्या गावे शेतात उतरली. काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. शेत एकाचे, माती रस्त्याची, खणणारे तिसरेच आणि नाणी कोणाची याचा पत्ता नाही. पोलीस आले, माणसे पांगली, खड्डे तेवढे राहिले.

वाहिन्यांनी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. सिनेमा पाहून गाव खुळावले, एवढ्यावर बातमी संपली. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे. तेथे त्यांची टांकसाळ होती. बँका नव्हत्या त्या काळात माणसे धन जमिनीत पुरून ठेवीत, आणि पुरणारा लढाईत किंवा साथीत गेला की ते तसेच पडून राही. तेव्हा तेथे नाणी निघणे मुळीच अशक्य नव्हते. आमचा सवाल वेगळा आहे. निघाली असतील, तर ती गेली कोठे? कोणत्या बादशहाची, कोणत्या सालाची, मडक्यात होती की सुटी, एकाच जागी होती की विखुरलेली, यातले काहीही आता कोणाला कळणार नाही. सोनाराच्या मुशीत गेलेले नाणे साक्ष देत नाही.

आम्ही वकिली करतो, म्हणून ही गोष्ट कोर्टाच्या भाषेत मांडतो. खुनाच्या जागी सापडलेला सुरा आणि बाजारात विकत घेतलेला सुरा दिसायला सारखाच असतो. फरक पंचनाम्याने पडतो. सुरा कोठे पडला होता, शेजारी काय होते, कोणी उचलला, कोणासमोर सील केला, हे कागदावर नसेल तर बचावाचा वकील त्या मुद्देमालाचे दोन मिनिटांत लोखंड करून टाकतो. जमिनीतील नाणे असाच मुद्देमाल आहे. ते ज्या थरात, ज्या वस्तूंच्या संगतीत पडलेले असते त्या संगतीतून त्याची जबानी तयार होते. उपसून हातात घेतले की उरतो तो धातूचा तुकडा.

मेटल डिटेक्टर नेमके हेच करतो. त्याच्या तबकडीतल्या वेटोळ्यातून उलटसुलट वीज फिरते. खाली धातू असला तर त्यात उलट प्रवाह उठतात आणि यंत्र चीं करते. नाण्याएवढी वस्तू त्याला साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंत कळते. सोने आहे की बाटलीचे बूच, हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून खणणारा प्रत्येक आवाजाला खड्डा करतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे माती, दगड, हाड, राख आणि वीट यांच्यासाठी हे यंत्र ठार बहिरे आहे.

हा बहिरेपणा किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण मुंबईच्या अंगणातच आहे. नालासोपाऱ्याला एक टेकाड होते. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. स्तूप विसरला गेला होता, तथागत विसरले गेले होते, पण लोकांच्या आठवणीत राजा होता तो टोपल्या विणणाऱ्यांचा! (या एका नावावर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा.) एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. विटांच्या कोठडीत दगडी पेटी निघाली. मधोमध तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ कांस्य बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा करंडक. त्या सोन्याच्या करंडकात होते काय? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. ज्यांनी हा स्तूप बांधला त्यांच्या लेखी सर्वात मौल्यवान वस्तू ही खापरे होती, सोने हे त्यांचे निव्वळ वेष्टन होते. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणेही होते.

भगवानलालांनी कोणती वस्तू कोठे होती हे टिपून ठेवले, म्हणून पुढच्या अभ्यासकांना एक मोठी गोष्ट समजली. नाणे सातवाहन काळाचे, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, आणि कांस्यमूर्ती घडणीवरून कित्येक शतके नंतरच्या. म्हणजे स्तूप मध्ये केव्हातरी पुन्हा उघडला गेला, पूजला गेला आणि मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला गेला. कोकणात बुद्धाचा धम्म सातवाहनांबरोबर आटोपला नाही, तो त्यानंतर शेकडो वर्षे नांदता होता, याचा हा पुरावा. आता कल्पना करा, की त्या टेकाडावर भगवानलालांच्या आधी कोणी यंत्रवाला पोहोचला असता. सोने सोनाराकडे, मूर्ती दलालाकडे, नाणे शौकिनाकडे आणि खापरे उकिरड्यावर! सोपाऱ्याचा हा ऐवज आज एशियाटिक सोसायटीकडे आहे.

दुसरे उदाहरण खाजगी जमिनीचे आहे, आणि ते गेल्याच वर्षी जगभर गाजले. उत्तर प्रदेशातील आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिप्राहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे या इंग्रज जमीनदाराने जानेवारी १८९८ मध्ये आपल्या इस्टेटीतला स्तूप खणला. दगडी पेटीत अस्थी, राख आणि सुमारे १,८०० रत्ने व सुवर्णपत्रे निघाली. एका कलशावरच्या ब्राह्मी लेखात हे शाक्य बुद्धाचे शरीरावशेष असल्याची नोंद होती. सरकारने १८७८ च्या गुप्तधन कायद्याखाली हक्क सांगितला. अस्थी सयामच्या राजाला भेट गेल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली आणि सुमारे एक पंचमांश 'जादा नग' म्हणून पेप्पेला ठेवू दिले. त्याच्या वारसांनी तीच रत्ने ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये सदबीजमार्फत लिलावाला काढली. अपेक्षित किंमत होती सुमारे १० कोटी हाँगकाँग डॉलर. जगभरच्या बौद्धांनी आक्षेप घेतला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला आणि ३० जुलै २०२५ रोजी रत्ने भारतात परतली. पण परतली कशी? गोदरेज उद्योगसमूहाने ती घेतली म्हणून. १८९७ साली आपल्या लालबागमध्ये कुलपे करू लागलेले हे घराणे. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. परंतु ज्या वस्तू देशाच्या होत्या त्या देशाला पैसे मोजून परत मिळाव्या लागल्या, ही गोष्ट अभिमानाची की शरमेची, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या हातांनी तो स्तूप खणला त्यांचे वारस तर या हिशेबात कोठेच नव्हते.

पिप्राहव्याची कथा येथे संपत नाही. १९७१ ते १९७३ या काळात पुरातत्त्व खात्याचे के. एम. श्रीवास्तव यांनी तेथे पुन्हा खणले. पेप्पे जेथे थांबला त्याच्या खालच्या थरात आणखी अस्थिकलश मिळाले, आणि शेजारच्या विहारात मिळाल्या भाजलेल्या मातीच्या लहान लहान मुद्रा. त्यांवर कपिलवस्तूच्या भिक्खुसंघाचे नाव होते. नेपाळ आजही तिलौराकोट हेच कपिलवस्तू असे म्हणते आणि तो वाद मिटलेला नाही. पण भारताच्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा १,८०० रत्नांत नव्हता, तो त्या मातीच्या टिकल्यांत होता. तेथेही यंत्र चीं करणार नव्हते.

हे आम्ही विस्ताराने सांगतो त्याला कारण आहे. पेशवाईचा इतिहास दप्तरांत आहे, इंग्रजांचा इतिहास त्यांच्या कचेऱ्यांत आहे. या भूमीवरचे आमचे ग्रंथ नष्ट झाले, विहार ओस पडले, बोलणारी माणसे गप्प केली गेली. आमचा साक्षीदार आहे तो लेणी आणि जमीन. त्यातली जमीन रोज उपसली जात आहे. रस्ते, विहिरी, इमारतींचे पाये. आणि ती उपसतो कोण? महाराष्ट्रात सातबारा ज्याच्या नावावर आणि कुदळ ज्याच्या हातात, हे दोघे सहसा एक नसतात. कुदळवाला बहुतेक वेळा आपला भूमिहीन बांधव असतो. जमिनीतली वस्तू सर्वात आधी दिसते ती त्याला. मग पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. मुकादम ओरडतो, मालक येतो, हंडा गाडीत जातो, मजुराच्या हातावर दोनशे-पाचशे ठेवले जातात आणि 'कुठे बोललास तर चोरीत अडकवीन' असा दम मिळतो.

या बांधवाला कोणीही न सांगितलेली गोष्ट अशी की कायदा त्याच्या बाजूने आहे. १८७८ चा भारतीय गुप्तधन कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे गुप्तधन. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे, ही कलम ४ ची अट आहे. मग जाहीर सूचना निघते, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांची मुदत मिळते, चौकशी होते. गेल्या शंभर वर्षांत ते कोणी पुरले होते असे सिद्ध झाले नाही, तर ते बेवारस ठरते. आणि जमीनमालक व शोधणारा यांच्यात वेगळा करार नसेल तर वाटणी होते शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, मालकाला एक चतुर्थांश. होय, तीन हिस्से कुदळवाल्याचे आणि एक सातबाऱ्याचा! न कळवणाऱ्याचा हिस्सा मात्र सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लपवायला मदत करणाऱ्या मालकालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

दोन गोम्या आहेत. 'करार नसेल तर' या शब्दांत एक गोम आहे. कामावर घेताना घेतलेल्या अंगठ्याखाली काय लिहिले होते, हे मजुराला कधी कळत नाही. दुसरी, 'शोधणारा' या शब्दाची व्याख्याच कायद्यात नाही. ठेकेदार म्हणेल, माणूस माझा, शोध माझा. आमचे मत असे, की ज्याच्या कुदळीखाली वस्तू आली तोच शोधणारा. मजुरी खड्ड्याची दिलेली असते, खड्ड्यातल्या इतिहासाची नव्हे.

पण कायद्यातली सर्वात मोठी खोट कलम १६ मध्ये आहे, आणि ती समजायला रे रोडला यावे लागते. स्टेशनाच्या पूर्वेला, बंदराच्या अंगाला दारुखाना. मोठमोठी जहाजे येथे फुटली आणि त्यांचे लोखंड, पितळ, तांबे येथल्या काट्यावर तोलले गेले. येथला नियम साधा. वस्तू काय आहे हे विचारायचे नाही, धातू कोणता आणि वजन किती एवढेच बघायचे. जहाजाची घंटा असो की मोरीचा नळ, पितळ ते पितळ. भंगारवाल्याला आम्ही दोष देत नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण कलम १६ काय म्हणते? सरकारला एखादे गुप्तधन ठेवून घ्यायचे असेल तर हक्कदारांना त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा. म्हणजे सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याची किंमत शिशाच्या भावाने, अधिक वीस टक्के! हिंदुस्थान सरकारचा कायदा आणि दारुखान्याचा काटा यांत फरक काय राहिला? उलट शौकिनांचा दलाल त्याच नाण्याला कित्येक पट देतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परदेशी पाठवणे गुन्हा आहे, हे सर्व खरे. पण गरीब माणसाने शिशाच्या भावात प्रामाणिक राहावे, अशी अपेक्षा करणारा कायदा त्याला दलालाच्या दाराशी स्वतःच नेऊन सोडतो.

रे रोडकरांना जमिनीतले सोने नवे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी, बाबासाहेबांच्या वाढदिवशीच, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली आणि जहाजातल्या सोन्याच्या विटा आकाशातून शहरावर पडल्या. पुढे कित्येक वर्षे गोदीतला गाळ उपसताना त्या सापडत राहिल्या. तो मामला मात्र सोपा होता. विटांचा मालक ठाऊक होता, त्या परत करायच्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासकाने ठेवलेल्या दानाचा मालक कोण? पेप्पे प्रकरणात बौद्ध जगताने विचारलेला प्रश्न हाच होता आणि १८७८ च्या कायद्यापाशी त्याचे उत्तर नाही. त्याला फक्त मालक, शोधणारा आणि सरकार एवढेच तिघे दिसतात.

इंग्लंडने आपला जुना कायदा टाकून १९९६ मध्ये नवा केला. तेथे मालकाची परवानगी घेऊन डिटेक्टर चालवता येतो. सापडलेल्या खजिन्याची किंमत स्वतंत्र समिती बाजारभावाने ठरवते आणि शोधणारा व जमीनमालक ती वाटून घेतात. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात एका बेकार माणसाला सोन्याचा प्रचंड साठा मिळाला. त्याचे मोल ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले आणि ते त्याला व शेतकऱ्याला निम्मेनिम्मे मिळाले. उलट, सापडलेला साठा लपवून विकणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये दहा आणि साडेआठ वर्षांची कैद झाली. तेथेही सारे आलबेल आहे असे नाही. यंत्रवाल्यांनी थर उसकटले ही तक्रार तेथेही आहे. डिटेक्टर येथेही मोकळा सोडावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. भावाचा धडा तेवढा घेण्यासारखा आहे.

आपल्या चळवळीने स्वतः खणून दाखवल्याचे उदाहरणही आहे. रामटेकजवळच्या मनसर येथे भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन हाती घेतले. जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्यासारखे पुरातत्त्व खात्यात आयुष्य घालवलेले तज्ज्ञ त्याला होते. जे निघाले ते नागार्जुनाशी जोडलेले बौद्ध स्थान, असे संस्थेचे म्हणणे. हान्स बाकर यांच्यासारखे विद्वान तेथे वाकाटक प्रवरसेनाचे प्रवरपूर पाहतात. आम्हाला काय वाटावे हे उघड आहे, पण येथे तो मुद्दा नाही. नोंद झाली, म्हणून वाद घालता येतो. असीरगडच्या शेतावर कोणाला काही वादही घालता येणार नाही.

एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. गुप्तधनाच्या नादाने या राज्यात माणसे मारली गेली आहेत. परभणी जिल्ह्यातील मानवतचे १९७२ ते ७४ मधले खून गुप्तधन आणि संतती यांसाठी झाल्याचा सरकार पक्षाचा आरोप होता. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बळी होत्या बायका आणि लहान मुली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली. आता मांत्रिकाच्या जोडीला यंत्र आले आहे. हातात डिटेक्टर आहे म्हणून माणूस विज्ञानवादी झाला, असे कोणी समजू नये.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची नोंद ४४ आहे गुप्तधन. म्हणजे हा विषय राज्याचा आहे, दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नाही. महाराष्ट्र विधिमंडळ कलम १६ बदलून वजनाऐवजी तज्ज्ञ समितीने ठरवलेली किंमत आणू शकते. 'शोधणारा' म्हणजे प्रत्यक्ष खणणारा अशी व्याख्या घालू शकते. मजुराकडून आधीच लिहून घेतलेला करार रद्दबातल ठरवू शकते. धर्मस्थळाचे अवशेष निघाले तर त्यांची वाटणीच होणार नाही, अशी तरतूद करू शकते. आमच्या आमदारांनी एवढे एक अशासकीय विधेयक मांडावे. बांधकाम कामगार कल्याण मंडळाने कामगारांना द्यायच्या कागदांत कलम ४ मराठीत एका पानावर छापावे.

तोवर आपल्या हातात आहे तो अर्ज. खणताना नाणे, मूर्ती, कोरलेली वीट, खापर, काहीही दिसले तर कुदळ थांबवा. वस्तू उचलण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, बाजूची माती आणि खोली दिसेल असा. ती धुऊ नका, घासू नका. साध्या कागदावर काय सापडले, किती, कोठे, कोणत्या तारखेला आणि कोणाच्या हाताने हे लिहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. तलाठी किंवा मालक 'आम्ही कळवतो' म्हणाला तरी अर्ज कुदळवाल्याच्याच नावाने जाऊ द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.